काय पुसावे, काय राखावे: जुन्या नाण्यांच्या स्वच्छतेचे शास्त्र

जालना जिल्ह्याच्या दक्षिणेस, गोदावरीच्या उत्तर काठाने पसरलेला घनसावंगी तालुका समर्थ रामदासांच्या जांब या जन्मगावामुळे महाराष्ट्राला परिचित असला, तरी नाण्यांच्या दृष्टीने पाहता या भूभागाचा इतिहास समर्थांच्याही कितीतरी मागे जातो. याच नदीच्या वरच्या अंगाला असलेले पैठण ही सातवाहनांची राजधानी होती आणि त्यानंतर यादव, बहमनी, अहमदनगरची निजामशाही, मोगल, मराठे आणि अखेरीस सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादचा निजाम अशा अनेक सत्तांचा अंमल या पट्ट्याने अनुभवला. प्रत्येक सत्तेने आपले नाणे पाडले आणि त्यातले काही जमिनीत, काही देवघरात, तर काही दागिन्यांत शिल्लक राहिले. त्यामुळे शिवराई, चारमिनारचे चित्र असलेला निजामाचा रुपया किंवा राणीछाप कलदार रुपया असे काही ना काही मराठवाड्यातील जुन्या घरांतून आजही निघते. ते हाती आले की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो नाणे घासूनपुसून लख्ख करण्याचा आणि याच विचारातून जुन्या नाण्यांचे जेवढे नुकसान होते, तेवढे जमिनीत शतकानुशतके पडून राहिल्यानेही अनेकदा होत नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी नाण्यावरची माहिती नेमकी कोठे असते, हे पाहावे लागते. नाण्याच्या गाभ्यातील धातू एकजिनसी आणि मुका असतो. राजाचे नाव, टांकसाळ, सन, चिन्ह आणि छाप मारताना धातू पसरल्यामुळे उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषा हे सारे पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरात असते. टांकसाळीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या नाण्यावर प्रकाश फिरवला असता जी झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरताना दिसते, ती याच सूक्ष्म रेषांमुळे दिसते. त्या एकदा झिजल्या की नाणे कितीही चकचकीत केले तरी ती झळाळी परत येत नाही. निजामाच्या चांदीच्या रुपयावर चारमिनारच्या कमानीत एक इवलेसे अक्षर असते. महबूब अली खानांच्या काळात ते ‘मीम’ होते आणि १९११ मध्ये गादीवर आलेल्या उस्मान अली खानांच्या नाण्यांवर ते ‘ऐन’ झाले. या ‘ऐन’चीही आखूड आणि पूर्ण अशी दोन वळणे संग्राहक वेगळी ओळखतात. हा फरक ज्या उठावावर अवलंबून आहे, तो नखाच्या टोकाएवढ्या जागेत मावतो आणि राखेने दोनदा घासल्यावर पुसट होऊ शकतो.

डागांचे तीन प्रकार

नाण्यावर दिसणारी प्रत्येक खूण सरसकट ‘घाण’ मानली जाते, परंतु संवर्धनाच्या शास्त्रात, म्हणजे जुन्या वस्तू आहे त्या स्थितीत टिकवण्याच्या शास्त्रात, तिचे तीन वेगळे प्रकार केले जातात आणि पुढचा सारा निर्णय या वर्गीकरणावर ठरतो. पहिला प्रकार बाहेरून येऊन चिकटलेल्या पदार्थांचा. माती, तेल, तूप, हळद, कुंकू, शेंदूर, डिंक, चिकटपट्टीचा राप किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटातून पाझरलेला चिकट द्रव ही त्याची उदाहरणे होत. या पदार्थांचा धातूशी रासायनिक संबंध जडलेला नसेल, तर योग्य द्रवाने ते धातूला धक्का न लावता विरघळवता येतात.

दुसरा प्रकार धातूने स्वतः हवेशी, ओलाव्याशी आणि मातीतील क्षारांशी संयोग पावून अंगावर धारण केलेल्या स्थिर थराचा असून त्याला नाणकशास्त्रात पटिना असे म्हणतात. तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी, तांबूस किंवा गर्द हिरवा, घट्ट आणि गुळगुळीत थर हा पटिनाच होय, तर चांदीवर गंधकाच्या संयोगाने येणारा पिवळा, जांभळा, निळा आणि शेवटी काळा रंग ही त्याचीच चांदीवरची आवृत्ती होय. चांदीवरचे हे रंग एका मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनही पातळ असलेल्या थरामुळे दिसतात. थर जाड होत जातो तसा रंग पालटतो. पटिना म्हणजे नाण्याच्या धातूचाच रूपांतरित भाग असल्यामुळे तो काढणे म्हणजे मळ काढणे नव्हे, तर नाण्याचे अंग काढणे होय.

तिसरा प्रकार चालू असलेल्या संक्षारणाचा. संक्षारण म्हणजे धातूचे क्षारांत रूपांतर होत जाऊन तो पोखरला जाणे. स्थिर पटिना आपल्याखालच्या धातूला हवेपासून काही अंशी झाकून ठेवतो. चालू संक्षारण मात्र थांबत नाही आणि नाणे पेटीत ठेवलेले असतानाही आतून खात राहते. यापैकी पहिला प्रकार काळजी घेतल्यास घरी हाताळता येतो, दुसऱ्याला हात लावू नये आणि तिसऱ्यासाठी तज्ज्ञाकडे जावे, हा या विषयाचा पाया आहे.

मातीत नाण्याचे काय होते

गोदाकाठची काळी माती चिकण आणि चुनखडीयुक्त असते. पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात आणि तिच्यात गाडलेल्या वस्तूवर चुन्याचे पांढरट कवच चढते. सातवाहनांची अनेक नाणी पोटिन या मिश्रधातूची, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची आहेत. त्यांच्या एका बाजूला हत्ती आणि भोवती ब्राह्मी अक्षरे, तर दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडलेले उज्जयिनी चिन्ह आढळते. अशा नाण्यात शतकानुशतकांच्या संक्षारणाने धातू आत आत सरकत जातो आणि नाण्याचा मूळ पृष्ठभाग, ज्यावर हत्ती आणि अक्षरे कोरल्यासारखी उठलेली होती, तो धातूत न उरता क्षारांच्या थरांमध्ये उरतो. बाहेर माती व हिरव्या क्षारांचे ओबडधोबड कवच, त्याखाली मूळ पृष्ठभाग सांभाळणारा तांबूस क्युप्राइटचा, म्हणजे तांब्याच्या लाल ऑक्साइडचा थर आणि त्याच्याही आत उरलासुरला धातू अशी ही रचना असते. असे नाणे आम्लात टाकून उघड्या धातूपर्यंत सोलले, तर हाती खडबडीत चकती येते आणि राजाचे नाव आम्लाबरोबर वाहून जाते.

ही चूक केवळ हौशी माणसांचीच होती असे नाही. संग्रहालयाच्या वस्तूंसाठी स्वतंत्र रासायनिक प्रयोगशाळा १८८८ मध्ये बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांत सुरू झाली आणि तिचे प्रमुख फ्रीड्रिख रॅटगन यांनी विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने धातूवरचे क्षार काढण्याच्या पद्धती रूढ केल्या. त्या काळी उघडा धातू दिसणे हे यश मानले जाई. विसाव्या शतकात मूळ पृष्ठभाग क्षारांतच असू शकतो ही जाणीव जशी दृढ झाली, तसा तज्ज्ञांचा कल सूक्ष्मदर्शकाखाली हाताने थोडे थोडे कवच उतरवून त्या पृष्ठभागापाशी थांबण्याकडे वळला.

घरगुती उपायांचे रसायन

चिंच, लिंबू, आंबट ताक, मीठ, राख, विटेची पूड, दंतमंजन ही तांब्या-पितळेची भांडी उजळण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची साधने आहेत आणि भांड्यांसाठी ती योग्यही आहेत, कारण भांडे वापरून झिजणे गृहीतच असते. नाण्याच्या बाबतीत मात्र यांतील प्रत्येक वस्तू वेगळ्या मार्गाने घात करते. चिंचेतील टार्टरिक आणि लिंबातील सायट्रिक आम्ल तांब्याचे ऑक्साइड विरघळवते, त्यामुळे नाणे क्षणार्धात गुलाबी दिसू लागते. पण हा गुलाबी रंग उघड्या पडलेल्या, छिद्राळ झालेल्या तांब्याचा असतो आणि थोड्याच दिवसांत तो ठिकठिकाणी काळवंडून पूर्वीपेक्षा वाईट दिसतो. राख आणि विटेची पूड यांचा धोका काठिण्यात आहे: पदार्थांचे काठिण्य दाखवणाऱ्या मोहसच्या मापपट्टीवर तांबे ३ वर आणि चांदी त्याहून किंचित खाली असते, तर वाळू आणि विटेच्या पुडीतल्या गारेच्या कणांचे काठिण्य ७ असते, त्यामुळे प्रत्येक हात फिरवताना नाण्यावर केसासारखे चरे पडतात. हे चरे एका दिशेने किंवा वर्तुळाकार दिसतात आणि जाणकाराला भिंगाखाली लगेच ओळखू येतात.

सर्वांत छुपा धोका मिठाचा. लिंबू-मीठ लावून तांबे चकचकीत होते ते मिठातील क्लोराइडमुळे आम्लाचा जोर वाढतो म्हणून. परंतु तेच क्लोराइड नाण्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसते आणि पाण्याखाली धरून धुतल्याने पूर्णपणे निघत नाही. पुढे दमट हवेत त्यापासून कोणता रोग उद्भवतो, हे पुढे येईल.

चांदीच्या बाबतीत मिश्रधातूचे प्रमाण महत्त्वाचे ठरते. ब्रिटिश कलदार रुपयात १९४० पूर्वी शेकडा सुमारे ९२ भाग चांदी होती, तर हैदराबादच्या हाली शिक्का रुपयात ती शेकडा सुमारे ८२ भाग होती. सात हाली रुपयांना सहा कलदार रुपये हा हिशेब मराठवाड्यातील जुन्या व्यवहारांत रूढ होता. हाली रुपयात तांब्याचा वाटा मोठा असल्याने त्यावर काळ्या रंगाबरोबर हिरवे ठिपकेही येतात. त्याला आम्ल लावले की पृष्ठभागातील तांबे आधी विरघळते, चांदीचा पांढुरका आणि सच्छिद्र सांगाडा मागे राहतो आणि नाणे मेल्यासारखे फिके दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कलदार रुपयांत चांदी निम्म्यावर आणून ४० टक्के तांबे व प्रत्येकी ५ टक्के निकेल आणि जस्त मिसळले गेले, त्यामुळे ही नाणीही अशीच हळवी असतात. बाजारात मिळणारी चांदी उजळण्याची द्रावणे थायोयुरिया आणि आम्ल यांच्या मिश्रणाची असतात. ती काळेपणाबरोबर चांदीचाही थर नेतात, म्हणून अशा द्रावणात वारंवार बुडवलेल्या नाण्याची मूळ झळाळी संपून जाते. ॲल्युमिनियमचा कागद आणि खाण्याचा सोडा यांच्या गरम द्रावणाचा लोकप्रिय उपाय काळ्या सल्फाइडमधील चांदी पुन्हा धातुरूपात आणतो हे खरे; पण ती चांदी पूर्वीच्या गुळगुळीत रूपात न बसता मंद, भुरकट थराच्या रूपात बसते.

घरी काय करता येते

स्वच्छतेला हात घालण्यापूर्वी नाणे ओळखणे, नोंदवणे आणि तपासणे ही तीन कामे करावी लागतात. नाण्याच्या दोन्ही बाजूंची मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत, शक्य असल्यास सराफाच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन करावे आणि ते कोठे, कशाबरोबर मिळाले हे लिहून ठेवावे. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली डाग धातूच्या वर बसला आहे, की धातूच्या आतून आला आहे, हे पाहावे. डाग उठावाच्या रेषा झाकून बसलेला असेल, तर तो बहुधा बाहेरचा; त्या रेषा डागातूनही स्पष्ट दिसत असतील, तर तो रंग धातूचाच मानावा. अनिश्चितता असेल, तर नाणे तसेच ठेवावे, कारण न धुतलेले नाणे पुढे केव्हाही धुता येते, धुतलेले नाणे मात्र पूर्वस्थितीत आणता येत नाही.

सुटी माती आणि पाण्यात विरघळणारी खळ काढण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले क्षारविरहित पाणी वापरावे. मराठवाड्याच्या कातळातून येणारे विहिरीचे आणि बोअरचे पाणी जड असल्याने ते वाळल्यावर नाण्यावर पांढरे ठिपके सोडते. बॅटरीत घालण्याचे म्हणून जे पाणी विकले जाते ते चालू शकते, परंतु त्याच दुकानात बॅटरीचे आम्लही मिळत असल्याने बाटली नीट पाहून घ्यावी. काचेच्या वाटीत तळाला मऊ सुती कापड घालून त्यावर नाणे ठेवावे, पाणी ओतावे, दिवसातून एकदा ते बदलावे आणि माती आपोआप सुटू द्यावी. फार झिजलेल्या व जमिनीतून निघालेल्या तांब्याच्या नाण्यावरची मऊ झालेली माती बांबूच्या काडीने हळुवार उचलता येते. परंतु चांदीच्या वा न वापरलेल्या नाण्याला काडी किंवा ब्रश लावू नये. पाण्यातून काढल्यावर नाणे पुसायचे नसते, तर मऊ कापडावर ठेवून हलकेच टिपायचे असते, कारण उरलेला एखादा वाळूचा कण पुसताना पृष्ठभागावर ओढला जातो.

तेल, तूप, चिकटपट्टीचा राप आणि प्लॅस्टिकचा पाझर यांवर शुद्ध ॲसिटोन हा सर्वांत सुरक्षित द्राव मानला जातो, कारण तो स्निग्ध व सेंद्रिय पदार्थ विरघळवतो, पण तांबे, चांदी, सोने यांच्याशी संयोग पावत नाही. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात ॲसिटोनबरोबर तेल, रंग आणि सुगंध मिसळलेले असतात व रंगकामाचा थिनर हे अनेक द्रवांचे मिश्रण असते, म्हणून प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानातील शुद्ध ॲसिटोनच घ्यावे. नाणे झाकणाच्या काचेच्या भांड्यात काही तास बुडवून ठेवावे, मग ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा बुडवून काढावे, नाहीतर विरघळलेले तेल वाळताना पुन्हा नाण्यावर बसते. ॲसिटोन झटकन पेट घेते आणि त्याची वाफ डोक्यात जाते, त्यामुळे चूल, गॅस, देवाचा दिवा व उदबत्ती यांपासून दूर, खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने हे काम करावे लागते.

देवघरातील नाण्यांचा प्रश्न खास महाराष्ट्रीय आहे. लक्ष्मीपूजनाला चांदीचा रुपया पूजणे आणि त्याला हळदकुंकू वाहणे ही घराघरातील रीत असून वर्षानुवर्षांच्या अभिषेकांमुळे अशा नाण्यांच्या खोबणींत हळद, तूप, साखर आणि पंचामृताचे दही साठत जाते. यापैकी साखर व मध पाण्यात विरघळतात, तूप ॲसिटोनमध्ये विरघळते आणि हळदीचा पिवळा रंग देणारे कर्क्युमिन पाण्यात न विरघळता ॲसिटोनमध्ये विरघळते. म्हणून आधी पाणी, नंतर ॲसिटोन आणि शेवटी पुन्हा ताजे ॲसिटोन हा क्रम योग्य ठरतो. शेंदूर मात्र बहुधा शिशाचा ऑक्साइड असून विषारी असतो, त्यामुळे शेंदूर लागलेले नाणे हातमोजे घालून हाताळावे. दह्यातील आम्लाने धातू एकदा कळकला असेल, तर तो डाग धातूच्या अंगातला झालेला असतो आणि कोणत्याही सुरक्षित द्रवाने निघत नाही. पूजेत खंड न पाडता दुर्मिळ नाणे वाचवण्याचा साधा मार्ग म्हणजे पूजेसाठी एक सामान्य रुपया कायमचा ठरवून ठेवणे आणि इतिहासमोल असलेली नाणी कोरडी, वेगळी जपणे.

दागिन्यांतील नाण्यांचाही असाच विचार करावा लागतो. चांदीच्या रुपयांच्या माळांत नाण्यांना कडी डाखलेली असते. ती काढताना उष्णता द्यावी लागते आणि तिने पृष्ठभाग कायमचा बदलतो. अशी माळ ही स्वतःच एक ऐतिहासिक वस्तू असल्याने नाणी सुटी करून ‘मूळ रूपात’ आणण्याचा प्रयत्न हा दुहेरी तोटा ठरतो.

सोने गंजत नाही, पण मऊ असल्याने सहज ओरखडते, म्हणून सोन्याच्या नाण्याला ॲसिटोनपलीकडे काहीही लागत नाही. शिशाच्या नाण्यांना तर घरी हातच लावू नये. सातवाहनांनी शिशाची नाणीही मोठ्या प्रमाणावर पाडली आणि त्यांच्यावरची पांढरी भुकटी श्वासातून वा बोटांवरून पोटात जाणे घातक असते.

पावसाळ्यात जागा होणारा रोग

तांबे आणि त्याच्या मिश्रधातूंच्या नाण्यांना होणाऱ्या चालू संक्षारणाला ‘कांस्यरोग’ असे म्हणतात. हा जंतूंनी होणारा रोग नसून क्लोराइडमुळे चालणारे रासायनिक चक्र आहे. मातीतून किंवा मीठ लावून केलेल्या साफसफाईतून आत शिरलेले क्लोराइड तांब्याशी मिळून क्युप्रस क्लोराइड तयार करते. हवेतील ओलावा व प्राणवायू मिळताच त्याचे फिकट हिरव्या भुकटीत रूपांतर होते आणि त्याच वेळी हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल ताज्या तांब्यावर चालून जाऊन पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनवते आणि चक्र पुढे चालू राहते. उन्हाळ्यात कोरडे आणि निरोगी दिसलेले नाणे आषाढ-श्रावणात अचानक ठिपक्याठिपक्यांनी फुटू लागते, याचे कारण हेच. स्थिर पटिना आणि कांस्यरोग यांतला फरक स्पर्शाने आणि रंगाने ओळखता येतो: पटिना गर्द, घट्ट आणि एकसलग असतो, तर रोगाचा ठिपका फिकट, पोपटी, भुसभुशीत असून काडी लावताच भुकटी होऊन पडतो आणि त्याखाली खड्डा दिसतो.

असे नाणे आढळल्यास ते ताबडतोब इतरांपासून वेगळे करून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावे. सिलिका जेल म्हणजे ओलावा शोषून घेणारे खडे. सभोवतीच्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४० टक्क्यांच्या खाली राहिली की हे चक्र जवळजवळ थांबते. यापुढचा इलाज, म्हणजे सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात आठवडेच्या आठवडे ठेवून क्लोराइड बाहेर काढणे किंवा १९६७ मध्ये डॅनिश संवर्धक मॅडसन यांनी सुचवल्यानंतर जगभर रूढ झालेल्या बेंझोट्रायझोलचा लेप देणे, हे तज्ज्ञाचे काम आहे. पहिल्याने पटिनाचा रंग बदलू शकतो आणि दुसरे रसायन आरोग्याला अपायकारक आहे. भारतात सांस्कृतिक वारशाच्या संवर्धनासाठी १९७६ मध्ये लखनौ येथे राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली, तर नाण्यांच्या अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था उभी राहिली. घरातले नाणे महत्त्वाचे असल्याची शंका आल्यास अशा संस्थेचे किंवा संग्रहालयाचे मार्गदर्शन घेणे केव्हाही श्रेयस्कर.

डाग लागू नयेत म्हणून

नाण्यांवरचे बहुतेक नवे डाग संग्राहकाच्या हाताने आणि पेटीने लागतात. बोटांच्या घामात क्षार व आम्ले असतात, त्यामुळे तांब्याच्या नव्या नाण्यावर उमटलेला बोटाचा ठसा काही आठवड्यांत कायमचा होतो. नाणे नेहमी दोन बोटांनी कडेला धरावे आणि खाली मऊ कापड अंथरलेले असावे. बाजारात स्वस्तात मिळणारी मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटे पॉलिव्हिनिल क्लोराइडची असतात. ती जुनी होताना चिकट हिरवा द्रव आणि क्लोराइडयुक्त आम्ल सोडतात, म्हणून पॉलिएस्टरची कडक पारदर्शक पाकिटे वापरावीत. वर्तमानपत्राचा कागद, रबरबँड आणि लोकर यांतून सुटणारी आम्ले व गंधकाची संयुगे चांदी काळी करतात. गोठा किंवा गोबरगॅसच्या टाकीजवळच्या खोलीतही चांदीचा हाच अनुभव येतो. नव्या लाकडी कपाटातून निघणारी ॲसेटिक आम्लाची वाफ तर शिशाच्या नाण्यांचे काही वर्षांत पांढरे पीठ करते.

बाजारभावाचा विचार करणाऱ्यांसाठीही निष्कर्ष वेगळा नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात सुरू झालेल्या नाणे-प्रमाणन संस्था नाण्याची अवस्था १ ते ७० गुणांच्या मापाने ठरवतात; मात्र घासलेल्या किंवा आम्लाने उजळलेल्या नाण्याला त्या गुण न देता केवळ साफ केल्याचा शेरा देतात आणि अशा नाण्याची किंमत त्याच प्रकारच्या न घासलेल्या नाण्यापेक्षा कमी येते. जाणकार ग्राहक हाच निकष भिंग लावून स्वतः वापरतो.

जमिनीतून नाणी निघाल्यास

नांगरताना, विहीर खोदताना किंवा जुने घर पाडताना नाणी सापडणे गोदाकाठी अशक्य नाही आणि अशा वेळी स्वच्छतेचा प्रश्न कायद्याशीही जोडला जातो. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे; घनसावंगीतील शेतकऱ्याला हे तहसील कार्यालयाच्या मार्फत करता येते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.

खबर देण्यापूर्वी नाणी धुऊ नयेत, यामागे कायद्याइतकेच इतिहासाचे कारण आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती, पण त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नव्या छापाखालून डोकावणाऱ्या नहपानाच्या मुखवट्याच्या आणि अक्षरांच्या उरल्यासुरल्या रेषांवरून सातवाहनांच्या विजयाला नाण्यांचा भक्कम पुरावा मिळाला. सुमारे दोन ग्रॅम वजनाच्या त्या नाण्यांवरील खालचा छाप मुळातच अर्धवट दबलेला आहे. सापडणाऱ्याने ती नाणी चिंचेत भिजवून राखेने घासली असती, तर सर्वांत आधी नाहीशा झाल्या असत्या त्या याच दबलेल्या रेषा. मडके, त्यातील माती, नाण्यांना चिकटलेले कापडाचे धागे आणि ती एकमेकांवर कशी रचलेली होती हा क्रमही साठा कधी व का पुरला गेला, याचा पुरावा असतो. म्हणून नाणी सुटी न करता, मडके फुटले असल्यास तुकड्यांसह, आहेत तशी कोरड्या जागी झाकून ठेवावीत आणि जागेची छायाचित्रे घ्यावीत.

या साऱ्या विवेचनातून घरगुती संग्राहकासाठी एकच कसोटी उरते: जे नाण्यावर बाहेरून आले आणि धातूला न बाधता विरघळते, तेवढेच काढावे, ज्याचे मूळ नाण्याच्या धातूत आहे, ते कितीही अप्रिय दिसले तरी राखावे आणि जे रोज वाढत आहे, ते कोरडे ठेवून तज्ज्ञाच्या स्वाधीन करावे. ही कसोटी पाळण्यासाठी लागणारी सामग्री एक भिंग, एक काचेची वाटी, स्वच्छ पाणी, थोडे ॲसिटोन आणि सिलिका जेलची पुडी एवढीच आहे आणि बहुतेक नाण्यांच्या बाबतीत यांपैकी भिंग आणि पुडी यांचाच उपयोग होतो.